ळ आला तर?

तुम्ही बैतबाजी खेळला असाल. एका गटाने शेर म्हणायचा. तो ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने सुरू होणारा शेर दुसऱ्या गटाने म्हणायचा. मराठी घरांत असाच खेळ गाण्यांनी खेळतात. त्याला भेंड्या म्हणतात. मी लालबागच्या एका चाळीत लहानाचा मोठा झालो. रात्री दिवे गेले, की आमच्या मजल्यावरची सगळी मुले गॅलरीत येऊन बसत आणि भेंड्या सुरू होत. दिवे परत येईपर्यंत खेळ चाले. कधी कधी मात्र दिवे येण्याआधीच तो मोडे, कारण कुणीतरी 'ळ' वर संपणारे गाणे म्हणे.

मराठीत 'ळ' ने सुरू होणारा शब्द नाही. 'ण' नेही नाही. बाळ, आभाळ, सकाळ अशा एखाद्या शब्दावर गाणे संपले, की समोरचा गट ओरडे, "ळ चालणार नाही! दुसरं गाणं म्हणा!" पहिला गट म्हणे, "का नाही चालणार? येत नसेल तर भेंडी चढली म्हणा!" मग दोन्हीकडून आवाज चढत. गंमत अशी, की आज जो गट 'ळ' चालणार नाही म्हणे, तोच उद्या आपल्याकडे 'ळ' चे गाणे असले, की ते चालवायला निघे.

एका रात्री शेजारच्या आक्का बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "अरे, भांडायचंच आहे ना? मग खेळाच्या आधी भांडून घ्या. 'ळ' आला तर काय आणि 'ण' आला तर काय, ते आत्ता ठरवा. उद्या 'ळ' कुणावर येणार, ते आज कुणाला ठाऊक आहे?"

आम्ही ठरवले. 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा, 'ण' आला तर 'न' घ्यायचा. त्यानंतर त्या अक्षरांवरून भांडण झाल्याचे मला आठवत नाही. तुमच्या बैतबाजीतही हा पेच आहेच. उर्दूत एकही शब्द 'ड़े' या अक्षराने सुरू होत नाही. मग 'पहाड़' किंवा 'उजाड़' या शब्दावर शेर संपला तर पुढच्याने काय करायचे? शहाणे खेळाडू हे आधी विचारून घेतात.

आक्कांचे ते वाक्य पुढे मला एकदा फार उपयोगी पडायला हवे होते. ते पडले नाही. त्याचीच ही हकिगत आहे.

गणेशोत्सवात गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतली मंडळे मुलांसाठी नाना प्रकारच्या स्पर्धा घेतात. रांगोळी असते, चित्रकला असते, वक्तृत्व असते आणि बऱ्याच ठिकाणी प्रश्नमंजूषाही असते. प्रश्नमंजूषा म्हणजे सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची स्पर्धा. मुंबईकरांना हिची गोडी लावली ती आकाशवाणीने. १९७० च्या दशकात रेडिओवर 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' हा शाळांमधल्या स्पर्धेचा कार्यक्रम लागत असे. आधी हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे धाकटे भाऊ अमीन सयानी तो सादर करीत. कार्यक्रम इंग्रजीत असे. आम्हांला त्यातले अर्धेच कळे, तरीही आम्ही रेडिओला कान लावून बसत असू.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने आंतरशालेय प्रश्नमंजूषा ठेवली. मी मराठीचा शिक्षक, म्हणून प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले. चार गट होते. पहिला गट मराठी माध्यमाच्या शाळेचा, दुसरा मदनपुऱ्याकडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेचा, तिसरा इंग्रजी माध्यमाचा आणि चौथा पुन्हा मराठी माध्यमाचा. प्रत्येक गटात तीन मुले. सहा फेऱ्या, म्हणजे एकूण २४ प्रश्न. आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले तर १० गुण. उत्तर आले नाही तर प्रश्न पुढच्या गटाकडे जायचा आणि त्याने ते दिले तर त्याला ५ गुण. मंडळाने छापलेल्या पत्रकावर नियम म्हणून तीनच ओळी होत्या : स्पर्धकांनी वेळेवर हजर राहावे. प्रवेशमूल्य नाही. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

शेवटची फेरी आली तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या गटाचे गुण सारखे होते. उर्दू शाळेच्या गटाला मी प्रश्न विचारला, "भारतात तयार झालेला पहिला कथाचित्रपट कोणता?"

त्या गटात दोन मुले आणि एक मुलगी होती. मुलगी नववीतली. तिने दोघांशी हळू आवाजात काही विचारविनिमय केला आणि म्हणाली, "पुंडलिक."

माझ्या हातातल्या कार्डावर 'राजा हरिश्चंद्र' असे लिहिले होते. मी म्हणालो, "उत्तर चूक." प्रश्न तिसऱ्या गटाकडे गेला. त्यांना येत नव्हते. चौथ्या गटाने 'राजा हरिश्चंद्र' सांगितले. टाळ्या पडल्या. पाच गुण. त्या मुलीने हात वर केला. "सर, पुंडलिक एक वर्ष आधीचा आहे. त्याच थिएटरात." मी घड्याळाकडे पाहिले. आरतीची वेळ होत आली होती. मंडळाचे कार्यकर्ते मागे उभे राहून मला खुणा करीत होते. मी म्हणालो, "बाळ, निर्णय झाला आहे." तिने हात खाली घेतला. एक शब्द पुढे बोलली नाही. चौथा गट जिंकला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे मी म्हणणार नाही. झोप लागली. पण सकाळी दाढी करताना तिचा तो खाली गेलेला हात आठवला. दोन दिवसांनी मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो आणि चित्रपटाच्या इतिहासावरची पुस्तके काढून बसलो.

मुलीचे म्हणणे अगदी बिनबुडाचे नव्हते. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात लागला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला ३ मे १९१३ रोजी. चित्रपटगृह तेच. मग आपण सगळे 'राजा हरिश्चंद्र' ला पहिला का म्हणतो? त्यालाही कारणे आहेत. 'पुंडलिक' हे रंगभूमीवरचे नाटक होते आणि कॅमेऱ्याने ते टिपले होते. कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली. उलट फाळक्यांनी दादरला आपल्या राहत्या ठिकाणी सारा खटाटोप केला. चित्रीकरण केले, फिल्म धुतली, सगळे इथल्या माणसांकडून करून घेतले. म्हणून बहुतेक अभ्यासक फाळक्यांना मान देतात. काहीजण मात्र तोरण्यांचे नाव पुढे करतात. मला स्वतःला फाळक्यांची बाजू पटते. पण माझे मत काय आहे, हा प्रश्नच नव्हता. ज्या प्रश्नाला जाणकारांत दोन उत्तरे आहेत, तो मी एका उत्तराचा म्हणून विचारला होता.

स्पर्धा न्याय्य व्हावी असे वाटत असेल, तर सुरुवात प्रश्नापासून करावी लागते. प्रश्न विचारणाऱ्याने प्रत्येक प्रश्न आधी स्वतःलाच उलटा विचारून पाहावा : याचे दुसरे उत्तर कुणी देऊ शकेल का? आमच्या कार्डांच्या गठ्ठ्यात मी नंतर असे कितीतरी प्रश्न शोधून काढले. 'भारताची राष्ट्रभाषा कोणती?' राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. देवनागरी लिपीतली हिंदी ही संघाची राजभाषा आहे, एवढेच तिथे म्हटले आहे. 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' सगळे हॉकी म्हणतात, पण सरकारने कोणत्याही खेळाला तसा दर्जा दिलेला नाही, असे २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात उघड झाले. 'सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला?' लोकमान्य टिळकांनी, असे आपण शिकतो. पण पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली आधीच सार्वजनिक गणपती बसवला होता, असा दावा आहे आणि त्यावरून २०१७ साली पुण्यात चांगलाच वाद रंगला. लालबागच्या मांडवात उभे राहून हा प्रश्न विचारणे म्हणजे हाताने दगड पायावर पाडून घेणे.

काही प्रश्न त्यांच्या काळात बरोबर होते, पण शिळे झाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ते ३६ झाले. ग्रह नऊ होते, २००६ पासून आठ आहेत. जुने पुस्तक वाचून आलेला मुलगा 'नऊ' म्हणतो, तेव्हा चूक त्याची म्हणायची की त्याच्या घरातल्या जुन्या पुस्तकाची? नवे पुस्तक घेणे ज्याला परवडते, तो इथे पुढे जातो. म्हणून अशा प्रश्नात 'आज' हा एक शब्द घालावा. शब्द छोटा आहे, पण त्याने मूल सावध होते.

आता त्या तिसऱ्या ओळीकडे येतो. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' ही ओळ प्रत्येक पत्रकावर असते. ती कुणी पहिल्यांदा छापली कोण जाणे, पण तेव्हापासून सगळे ती उतरवून घेत आहेत. ती अगदीच निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. स्पर्धा कुठेतरी संपली पाहिजे. आरतीही वेळेवर झाली पाहिजे. दर गुणावर रात्रभर खल करीत बसता येत नाही. पण निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो न ऐकता दिलेला असणे वेगळे. न्यायालयातही निकाल शेवटी एकच असतो. पण त्याआधी दोन्ही बाजू ऐकतात.

इथे एक गंमत सांगतो. मराठीत न्यायाच्या कामाचे किती शब्द फारसी-अरबीतून आले आहेत पाहा : कायदा, हक्क, शर्त, मुदत, तक्रार, फिर्याद, दाद. हे सगळे तुम्हांला घरचेच आहेत. मात्र घर बदलले की माणसाचा स्वभाव थोडा बदलतो, तसे शब्दांचे होते. तुमची 'हरकत' म्हणजे हालचाल. आमची हरकत म्हणजे आक्षेप. तुम्ही 'दाद' देता ती चांगल्या शेराला. मराठीत गाण्याला दाद देतातच, पण अन्याय झाला तर दाद मागतातही.

त्या मुलीने हरकत घेतली होती, आणि ती ऐकण्याची सोय आमच्या नियमांत नव्हती. सोय असायला फार काही लागत नाही. गटाच्या नायकाने हात वर करावा. एका मिनिटात कारण सांगावे. प्रश्न विचारणारा सोडून आणखी दोघांनी ते ऐकावे. प्रश्नच वादाचा निघाला तर तो सर्वांसाठी रद्द करावा आणि त्याच गटाला राखीव प्रश्न द्यावा. पाच राखीव प्रश्न वेगळ्या पाकिटात घालून ठेवले की झाले. यात आरतीला दोन मिनिटे उशीर होईल, एवढेच.

हे सारे वाचून, लिहून मी तिच्या शाळेत गेलो. तिच्या बाईंनी तिला वर्गातून बोलावले. मी म्हणालो, "तुझे उत्तर चूक म्हणण्यात माझी घाई झाली. ते दहा गुण तुम्हांला मिळायला हवे होते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही सर. दहा गुण कसे मिळतील? हरिश्चंद्रही पुस्तकात आहे. प्रश्न रद्द करायला पाहिजे होता. त्यांचे पाच पण आणि आमचे दहा पण."

मी अनेक वर्षे शिक्षक आहे. मुलांनी गुण मागितलेले मी रोज पाहतो. स्वतःचे गुण असे नियमावर ठेवून परत करणारे मूल मी क्वचित पाहिले आहे. प्रश्न रद्द झाला असता तर राखीव प्रश्न त्यांना मिळाला असता आणि तो त्यांना आला असता की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. तिला तेवढेच हवे होते.

घरी येऊन मी गुणतक्ता पुन्हा काढला. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती माझ्या घाईपेक्षाही मोठी होती. चौथ्या गटाला पुढे आलेल्या प्रश्नांवर २५ गुण मिळाले होते. त्यांत पाच 'राजा हरिश्चंद्र' चे. उरलेले २० तिसऱ्या गटाच्या चार प्रश्नांचे. तिसरा गट त्या दिवशी सर्वांत कच्चा होता आणि चौथा गट नेमका त्याच्या शेजारी बसला होता. त्याचे न आलेले प्रश्न सरळ यांच्या ओंजळीत पडत होते. उर्दू शाळेच्या गटाच्या आधी बसला होता पहिला गट, आणि तो चांगला तयार होता. त्याचे प्रश्न पुढे सरकतच नव्हते. या गटाला पुढे आलेल्या प्रश्नाचे फक्त एकदा ५ गुण मिळाले. म्हणजे २० गुणांचा फरक केवळ खुर्चीने पाडला होता! त्यात कुणाचाही खोटेपणा नव्हता. मुलांना आम्ही आल्या क्रमाने बसवले होते.

या दुखण्यावर औषध आहे. देशातल्या प्रश्नमंजूषांत अनुभवी मंडळी ते बरीच वर्षे वापरीत आली आहेत. दोन गोष्टी करायच्या. एक, आपला प्रश्न आणि पुढे आलेला प्रश्न यांचे गुण सारखेच ठेवायचे. दुसरी, नवा प्रश्न ठराविक क्रमाने न विचारता, ज्या गटाने शेवटचे उत्तर दिले त्याच्या पुढच्या गटाला विचारायचा. समजा प्रश्न पहिल्या गटाचा होता. त्याला आला नाही, दुसऱ्यालाही आला नाही, तिसऱ्याने उत्तर दिले. आता नवा प्रश्न चौथ्या गटाला. म्हणजे तिसऱ्याने पुढे आलेल्या प्रश्नावर गुण घेतले, तर त्याची पाळी तिथेच खर्च झाली. कुणालाच उत्तर आले नाही, तर पहिल्याची पाळी संपली असे धरून नवा प्रश्न दुसऱ्याला. अर्ध्या स्पर्धेनंतर दिशा उलटी करायची, उजवीकडून डावीकडे. तुमच्या लिपीसारखी! मग कच्च्या गटाचा शेजार एकाच्याच वाट्याला येत नाही. याखेरीज बसण्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. कागदावर आकडे मांडून हे करून पाहा, लगेच समजेल. वाचून डोके जरा गरगरते, हे मला मान्य आहे.

याहून सोपा उपाय हवा असेल तर पाट्या वाटाव्यात. प्रश्न सर्वांना एकच, सर्वांनी एकदम लिहायचे, एकदम पाट्या वर करायच्या. यात शेजार नाही, पाळी नाही, आधी हात कुणाचा वर गेला हा वाद नाही. मांडवातल्या प्रेक्षकांना यात तेवढी मजा येत नाही, म्हणून मंडळांना तो आवडत नाही.

एक नियम मात्र दूरदर्शन संचासमोर बसून सगळ्या भारताने शिकला आहे. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. उत्तर आल्यावर अमिताभ बच्चन विचारीत, लॉक किया जाए? आपल्याला तो नाटकाचा भाग वाटे. पण तो नियम आहे. कोणते उत्तर मोजायचे? पहिले तोंडून निसटलेले, की विचार करून दिलेले? मुलांच्या स्पर्धेत एक जण घाईने काही बोलतो, दुसरा त्याला थांबवून वेगळे सांगतो, आणि मग पहिले की दुसरे यावर वाद होतो. नायकाने सांगितलेले तेच उत्तर, असे आधी ठरले की वाद मिटला.

प्रश्न आधी फुटू नयेत, हे तर कुणीही सांगेल. पण याचा मोठा धडा अमेरिकेने घेतला, तो ऐकण्यासारखा आहे. १९५६ साली तिथे टेलिव्हिजनवर 'ट्वेंटी-वन' नावाची प्रश्नांची स्पर्धा फार गाजत होती. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा माणूस आठवड्यांमागून आठवडे जिंकत होता. कार्यक्रमवाल्यांना आता नवा चेहरा हवा होता. त्यांनी स्टेम्पेलला हरायला सांगितले. आदल्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करचा प्रश्न आला. उत्तर होते 'मार्टी', आणि ते त्याला पक्के ठाऊक होते. तरी ठरल्याप्रमाणे त्याने 'ऑन द वॉटरफ्रंट' असे चुकीचे उत्तर दिले. त्याच्या जागी आलेले चार्ल्स व्हॅन डोरेन हे महाविद्यालयात शिकवणारे देखणे गृहस्थ. त्यांना उत्तरे आधीच सांगितली जात. १९५९ साली त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हे कबूल केले. पुढच्या वर्षी अशा लबाडीविरुद्ध कायदाच झाला. तोपर्यंत तो गुन्हा नव्हता! कुणाला सुचलेच नव्हते, की यासाठीही नियम लागेल.

आपल्या मंडळांत पैशांचे असे व्यवहार नसतात. पण प्रश्न काढणाऱ्याचा भाचा स्पर्धेत असतो. किंवा त्याच्याच शाळेची मुले असतात. माझ्या बाबतीत तेच झाले असते. पहिल्या गटाला मी शिकवत नव्हतो, हा निव्वळ योगायोग. प्रश्न काढणाऱ्याचे नातेवाईक आणि विद्यार्थी स्पर्धेत नसावेत, आणि पाकीट सर्वांसमोर फोडावे. आता एका नियमाची भर घालावी लागते : मोबाइल बाहेरच्या टेबलावर. हा नियम मुलांपेक्षा पालकांसाठी जास्त आहे. पहिल्या रांगेतून ओठ हलवणारे पालक मी पाहिले आहेत.

राहिला भाषेचा प्रश्न. तो मी शेवटी ठेवला, कारण त्यावर माझे आणि मंडळाचे अजून एकमत नाही.

त्या संध्याकाळी सगळे प्रश्न मराठीत होते आणि उत्तरही मराठीतच द्यायचे होते. पत्रकावर हे लिहिले नव्हते. सर्वांनी गृहीत धरले होते. एक प्रश्न असा होता : 'मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली कोणत्या केंद्रीय अर्थमंत्र्याने राजीनामा दिला?' उत्तर सोपे आहे, चिंतामणराव देशमुख. पण मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. तुमचा 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांत झालेली तडजोड. पद सोडणे याला तुम्ही इस्तीफा म्हणता. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला हा शब्द ऐकून क्षणभर अडखळायला होणारच, आणि उत्तराला वीस सेकंदच असतात. त्याला देशमुख ठाऊक आहेत की नाही, हे आपण मोजत नाही. आपण त्याचे अडखळणे मोजतो.

मंडळाचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, "गुरुजी, हा मराठी माणसांचा उत्सव आहे. मराठी नको, तर मग काय इंग्रजी हवी?" त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. मुंबईत मराठीला जागोजागी जे मागे सरावे लागते, ते त्यांच्याप्रमाणे मलाही बोचते. म्हणून माझे म्हणणे असे. स्पर्धा मराठी भाषेची असेल, म्हणींची, कवींची, व्याकरणाची, तर ती पूर्ण मराठीत घ्या आणि पत्रकावर ठळक छापा. तिथे कुणालाही सवलत नको. स्पर्धा सामान्यज्ञानाची असेल, तर प्रश्न मराठीत वाचा, एकदा हिंदीत वाचा आणि उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी घ्या. 'सूर्य' म्हणा, 'सूरज' म्हणा, 'आफ़ताब' म्हणा, तो उगवतो पूर्वेलाच. याच मुंबईत कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक नवसाक्षरांसाठी काढीत. एकच साधी भाषा, आणि ती देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापलेली. अमीन सयानी त्यांचेच चिरंजीव. त्यांच्या बोलण्यातला सोपेपणा कुठून आला, हे त्यावरून कळते.

आणि तुम्हांलाही एक सांगतो. मराठीची फेरी आली, की "आमची ही दुसरी भाषा आहे" असे म्हणून आधीच सवलत मागू नका. तुमच्याकडे 'शिकस्त' म्हणजे हार. आमच्याकडे 'शिकस्त करणे' म्हणजे जिवाच्या आकांताने प्रयत्न करणे. मराठीच्या फेरीत मराठी अर्थाने शिकस्त करा.

पुढच्या वर्षी मंडळाने पत्रकात बदल केले. हरकतीचे एक मिनिट आले. राखीव प्रश्नांचे पाकीट आले. बसण्याच्या जागांसाठी चिठ्ठ्या आल्या. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' ही ओळ तशीच आहे, पण तिच्याआधी 'हरकत ऐकून घेतल्यानंतर' असे तीन शब्द वाढले आहेत. पहिल्याच वर्षी दोन हरकती आल्या. एक फेटाळली, एकीत प्रश्न रद्द झाला, आणि आरती वेळेवर झाली. रद्द झालेला प्रश्न मीच काढलेला होता.

ती मुलगी आता महाविद्यालयात आहे. हरकती ऐकणाऱ्या दोघांपैकी एक म्हणून तिला बोलवावे, असे मी मंडळाला सुचवले आहे, आणि ते त्यांना पटलेले दिसते. यंदाच्या पत्रकाचा कच्चा मसुदा माझ्यासमोर आहे. भाषेच्या नियमाची जागा अजून कोरी आहे. त्यावर येत्या रविवारी बैठक आहे.